'सप्ताह' किती दिवसांचा? एका शब्दाच्या अर्थाची तपासणी

गोव्यात श्रावण लागला की गावोगावच्या देवळांत भजनी सप्ताह सुरू होतात. बहुतेक ठिकाणी भजन चालते चोवीस तास: आज दुपारी बसले की उद्या दुपारी समाप्ती. मग बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, 'अहो, एका दिवसाचा कसला सप्ताह?' यावर दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक, लोकांनी शब्द चुकीचा वापरला. दुसरे, फेरी सात दिवस भरते म्हणून सप्ताह. पर्यटनाच्या माहितीपत्रकांना दुसरे उत्तर फार सोयीचे जाते. आमच्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, आणि त्यांच्यामुळे शब्दात साठलेला इतिहास हातचा जातो.

आधी 'सात' कुठून आले ते पाहू. मूळ भागवताचे. सातव्या दिवशी तक्षकाच्या दंशाने मरण येणार असा शाप परीक्षिताला मिळाला, आणि शुकाचार्यांनी त्याला भागवत ऐकवले. त्यावरून बारा स्कंध सात दिवसांत वाचण्याची रीत पडली. गुरुचरित्राचा सप्ताहही असाच: रोज किती अध्याय वाचायचे हे ठरलेले, सातव्या दिवशी समाप्ती. गाणगापूर, नरसोबाची वाडी, सगळीकडे हाच हिशेब. म्हणजे पोथीच्या सप्ताहात आकडा खरा आहे, त्यात कमीजास्त चालत नाही.

वारकऱ्यांकडे मात्र काटा सरकतो. अखंड हरिनाम सप्ताहात काकडा, ज्ञानेश्वरीचे पारायण, हरिपाठ, कीर्तन, जागर असा क्रम असतो. पण सगळ्यांचे लक्ष असते वीणेवर. ती खाली ठेवायची नाही. एक विणेकरी थकला की दुसरा ती गळ्यात घेतो. त्यासाठी पहारे लावलेले असतात. शिवाय सात दिवस झाले तरी सप्ताह उठत नाही. काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद होतो आठव्या दिवशी. इथे 'सप्ताह' हा शब्द नुसते दिवस मोजत नाही. नाम तुटू द्यायचे नाही आणि त्यासाठी गावाने पाळ्या वाटून घ्यायच्या, हा त्याचा अर्थ झाला आहे.

गोव्याने हाच अर्थ ठेवला आणि मुदत चोवीस तासांवर आणली. त्या चोवीस तासांचे आठ प्रहर, आणि ज्याच्या वाट्याला जी वेळ आली तो त्याचा 'पार'. पार म्हणजे प्रहरच. आपण 'दुपार' म्हणतो त्यातही तो बसलेला आहे.

वास्कोचा दामोदर सप्ताह सगळ्यांत प्रसिद्ध. परंपरा सांगते ती अशी: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गावात साथ आली, लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडे घातले आणि तिथून आणलेला नारळ ठेवून भजन मांडले. आजही नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी नारळ ठेवला जातो, चोवीस तास भजन होते, मग गोपाळकाला. रात्री व्यापारी, नाभिक, सोनार अशा निरनिराळ्या समाजांचे पार वाजतगाजत, देखाव्यांसह येतात. इथे 'पार' या शब्दानेही कूस बदलली आहे: पाळीची वेळ होती, तिची मिरवणूक झाली.

वास्कोत फेरी खरोखरच बरेच दिवस चालते. म्हणून 'फेरी सात दिवसांची' हे स्पष्टीकरण तिथे खपून जाते. पण जिथे एवढी फेरी भरत नाही, त्या लहान गावांतही शब्द सप्ताहच आहे. तिथे हे स्पष्टीकरण कोसळते.

'चुकीचा शब्द' म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. दक्षिणेला मंगळूर-उडुपीकडे एका दिवसाच्या भजनाला 'एकाह' म्हणतात. अचूक शब्द शेजारी असताना गोव्याने सप्ताह का म्हणावे? आमचे उत्तर असे की बोलणाऱ्यांना आकडा नव्हे, प्रकार सांगायचा होता. 'आठवडा' या शब्दात आठ आहे आणि दिवस सात. त्याबद्दल कुणी भाषेला दंड केलेला ऐकिवात नाही!

आता जरा उत्तरेकडे जाऊ. बडोद्यात किंवा इंदुरात 'सप्ताह' म्हटले की डोळ्यांसमोर येते भागवतकथा: व्यासपीठावर एक वक्ता, समोर मंडप भरून श्रोते. चोवीस तास अखंड चालते ते रामायण, आणि त्याला म्हणतात 'अखंड रामायण'. म्हणजे गोव्यात एका नावात नांदणाऱ्या दोन गोष्टी तिथे वेगळ्या झाल्या. गुजरातीत तर 'सप्ताह' स्त्रीलिंगी होऊन 'बसते'. बहुधा कथेच्या संगतीने. आणि गुजरातेत ही कथा घरोघर नेणाऱ्यांतले सर्वांत मोठे नाव, डोंगरे महाराज (1926–1990), इंदूरला जन्मलेले, बडोद्याचे मराठी गृहस्थ! आपल्या मंडळींचा हा वाटा सहसा कुणी सांगत नाही.

फरक लक्षात घ्या. कथेच्या सप्ताहात एक बोलतो, बाकीचे ऐकतात. पारांच्या सप्ताहात प्रत्येक वाड्याला, प्रत्येक समाजाला स्वतः उभे राहावे लागते. म्हणून पारांची यादी म्हणजे त्या वस्तीची जनगणनाच. कोण कुठून आले, कोणता धंदा होता, मध्यरात्रीची अवघड पाळी कुणाच्या गळ्यात पडली, हे तिच्यातून कळते. आणि कुणाला पारच नव्हता, हेही कळते. तो भाग सुखाचा नाही, पण इतिहासच आहे.

आज पत्रिकेवर छापले जाते 'भव्य भजन महोत्सव', खाली नामवंत गायकांची नावे. गाणे उत्तम होते, यात वाद नाही. पण पाळ्या जातात, आणि पाळ्यांबरोबर यादीही जाते. मग सप्ताह म्हणजे 'सात दिवसांची जत्रा' एवढेच उरते.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. देवळाच्या कपाटात, घरच्या ट्रंकेत जुनी सप्ताहाची पत्रिका किंवा पारांची वही असेल तर रद्दीत घालू नका. फोटो काढा, वर्ष लिहून ठेवा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न नक्की विचारा: आपला पार कितीचा होता?