‘मुंबई दर्शना’चे आख्यान

वाङ्मयाच्या इतिहासात पोवाड्याची, लावणीची, कीर्तनाची दखल घेतलेली असते. परंतु दररोज सकाळी मुंबईत बसच्या पुढच्या दाराशी उभे राहून, हातात ध्वनिवर्धक घेऊन जे आख्यान लावले जाते, त्याची समीक्षा माझ्या तरी वाचनात आलेली नाही. सुटीत गावाकडची पाहुणेमंडळी आली की ‘मुंबई दर्शना’ची तिकिटे काढावीच लागतात, त्या निमित्ताने हे आख्यान मी आजवर चारदा ऐकले. निवेदक चार, संहिता मात्र जवळजवळ एकच.

प्रथम गुणांविषयी. म्हातारीच्या बुटापाशी मुलांना, हाजी अलीपाशी वडीलधाऱ्यांना आणि नटांच्या बंगल्यांपाशी उरलेल्या सर्वांना खूश करायचे, जेवणानंतर डुलक्या घेणाऱ्यांना विनोदाने जागे ठेवायचे, आणि हे सारे मराठी-हिंदीची सरमिसळ करीत, ही कला सामान्य नव्हे. कीर्तनकारालाही हेवा वाटावा! घाईचा दोष पुष्कळजण काढतात. मी काढणार नाही. ‘दर्शन’ या शब्दातच ती घाई आहे. पंढरीला तासन्‌तास रांगेत उभे राहून विठोबाचे मुख तरी किती वेळ दिसते?

माझा आक्षेप आहे तो व्याकरणाविषयी. इमारतींपाशी निवेदकाची वाक्ये कर्मणी प्रयोगात असतात. गेटवे ‘१९२४ साली पूर्ण करण्यात आले’. बोरीबंदरच्या स्थानकाचे काम ‘१८७८ साली सुरू करण्यात आले’. फार तर जॉर्ज विटेट किंवा फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञांचा नामोल्लेख होतो. पण बस मलबार हिल चढली की कर्ता एकदम अवतरतो : ‘इथे अमुक शेठ राहतात, बंगल्याची किंमत इतके कोटी!’ म्हणजे या आख्यानात राहणारा आहे, विकत घेणारा आहे. राबणारा तेवढा नाही.

हे अपरिहार्य आहे काय? गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले. इमारती त्यांनीही मोजल्या. पण त्यांबरोबर बाजार पाहिले, धंदे पाहिले, नाना जातींची नि धर्मांची माणसे पाहिली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, त्याला तेव्हा उणीपुरी दहा वर्षे झाली होती. शहर म्हणजे माणसांचा उद्योग, ही त्यांची दृष्टी आजच्या संहितेत कुठे हरवली?

ती कुठे हरवते ते मी दाखवू शकतो. मलबार हिलवरच्या बागेतून उतरून बस हाजी अलीकडे निघते, तेव्हा ताडदेव जवळच असते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली उभारायला घेतलेली कापडगिरणी तिथे १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे लालबाग-परळपर्यंत गिरणगाव पसरले. १८ जानेवारी १९८२ रोजी तिथल्या सुमारे अडीच लाख कामगारांनी संप पुकारला, आणि पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टोलेजंग मनोरे व बाजारसंकुले उभी राहिली. मुंबईच्या चरित्रातला हा केवढा अध्याय! नेमक्या याच टप्प्यात चारही निवेदकांनी अंताक्षरी लावली.

तिसऱ्या खेपेस माझे मामा बरोबर होते. तीस वर्षे साच्यांवर उभे राहून संपानंतर कोकणात परतलेला हा माणूस. त्यांनी दोन गाण्यांच्या मध्ये हळूच विचारले, “काय रे, आमच्या गिरण्या कधी दाखवणार?” मला उत्तर देता आले नाही.

हुतात्मा चौकात तर उत्तर डोळ्यांसमोर उभे असते. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, त्यांच्या स्मारकावर शेतकरी आणि कामगार मशाल धरून आहेत. सबंध सफरीत राबणाऱ्याला देह मिळतो तो एवढ्या एका ठिकाणी. पण निवेदक सांगतो शेजारच्या १८६४ सालच्या कारंज्याविषयी, आणि स्मारक ‘डाव्या हाताला’ या दोन शब्दांत मागे पडते.

संहितेत चार वाक्यांची भर घातली तर बसला उशीर होणार नाही, विनोदही कमी करावे लागणार नाहीत. तोवर हे काम बसमधल्या वडीलधाऱ्यांचे. या दिवाळीत मुलांना घेऊन जाणार असाल, तर खिडकीची जागा त्यांना द्या. आणि अंताक्षरी सुरू झाली की गिरणगावाची गोष्ट तुम्हीच सांगायला घ्या.