हृदयकुंज : साधेपणाची वास्तुरचना आणि तिचा परिसर

प्रास्ताविक :
अहमदाबाद येथील साबरमती आश्रमातील ‘हृदयकुंज’ ही महात्मा गांधींच्या निवासाची कुटी होय. १९१७ साली कोचरबहून आश्रम साबरमतीच्या पश्चिम तीरावर आला. १९१८ ते १९३० या काळात गांधीजी व कस्तुरबा येथे राहिले. ‘साधेपणाचे प्रतीक’ असे या वास्तूचे वर्णन नेहमी केले जाते. मात्र तेवढ्याने तिच्या रचनेचे मर्म उलगडत नाही.

वास्तुविशेष :
विटांच्या भिंती, कौलारू उतरते छप्पर, लाकडी खांबांचा ओसरा व आतील चौक हे या कुटीचे घटक गुजरातच्या पारंपरिक घरबांधणीतलेच आहेत. गांधीजी, कस्तुरबा, पाहुणे आणि चिटणीस यांच्या खोल्या व स्वयंपाकघर एवढाच तिचा विस्तार. मोठे दालन तिच्यात नाही, कारण ते घराबाहेर आहे. कुटीशेजारी नदीकाठी असलेल्या ‘उपासना मंदिरा’ला भिंती नाहीत, छप्परही नाही, आहे ती केवळ मोकळी जमीन. ११ मार्च १९३० रोजी, दांडीयात्रेच्या पूर्वसंध्येला, प्रार्थनेसाठी जमलेला हजारोंचा समुदाय नदीच्या वाळूत बसला होता. घर लहान ठेवून सार्वजनिक जीवन अंगण, काठ आणि पात्राकडे सोपविणे, हे या रचनेचे खरे सूत्र होय.

हे सूत्र चार्ल्स कोरिया यांनी अचूक ओळखले. १९६३ साली उद्घाटन झालेल्या त्यांच्या गांधी स्मारक संग्रहालयात कुटीची नक्कल नाही. सहा मीटर चौरसाचे कौलारू खण, काही बंदिस्त तर काही उघडे, एका जलकुंडाभोवती मांडलेले आहेत. खिडक्यांना काच नाही. लाकडी झडपांतून उजेड व वारा येतो. येथे अनुकरण रूपाचे नसून तत्त्वाचे आहे.

परिसराचा प्रश्न :
२००५ पासून उभ्या राहिलेल्या नदीकाठ विकास प्रकल्पाने पात्र भिंतींनी बांधले गेले व नर्मदा कालव्याच्या पाण्याने भरले. पावसाळ्यानंतर उघडी पडणारी वाळू, म्हणजेच आश्रमाचे सर्वांत विशाल सभास्थान, त्यामुळे लोपली. मार्च २०२४ मध्ये सुमारे १२०० कोटी रुपयांच्या आश्रम आराखड्याचा प्रारंभ झाला. पाच एकरांचा परिसर ५५ एकर करणे व ३६ वास्तूंचे पुनरुज्जीवन करणे त्यात अभिप्रेत असून, जतन करावयाच्या २० वास्तूंत हृदयकुंज आहे. मूळ आश्रम आजच्या आवारापेक्षा विस्तीर्ण होता, हे पाहता विस्ताराला ऐतिहासिक आधार आहे. तथापि प्रश्न क्षेत्रफळाचा नसून प्रमाणाचा आहे. भव्य परिसराच्या मध्यभागी ठेवलेली लहान कुटी ही राहती वास्तू न वाटता प्रदर्शनातील वस्तू वाटू लागते.

निष्कर्ष :
हृदयकुंजच्या भिंती जपणे आवश्यक आहेच; परंतु तिची वास्तुकला भिंतींपाशी संपत नाही. भोवतालची अनलंकृत मोकळी जागा ही त्या रचनेचाच भाग आहे. ती गमावल्यास कुटी शाबूत राहील, पण तिचा अर्थ उरणार नाही.