उंबरठ्याशी थांबलेली करुणा

जुलै महिन्याच्या चौथ्या रविवारी आमच्या धर्मग्रामात आजी-आजोबांचा दिवस साजरा होतो. पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली हा दिवस अखिल ख्रिस्तसभेसाठी नेमून दिला. गेल्या वर्षी मिस्सानंतर तरुणांनी सभागृहात ‘नटसम्राट’मधील एक प्रवेश सादर केला. अप्पासाहेब बेलवलकर झालेला मुलगा जेमतेम बावीस वर्षांचा. चिकटवलेली दाढी एका बाजूने सुटत होती. तरीही पुढच्या रांगेतील ज्येष्ठांनी रुमाल काढले, मागच्या रांगेतील लेकी-सुना डोळे पुसू लागल्या. आम्हीही हेलावलो आणि समारोपाच्या भाषणात आई-वडिलांना अंतर देऊ नका, असे नेहमीचे चार शब्द बोललो.

त्यानंतरच्या मंगळवारी त्या प्रेक्षकांतील एक भगिनी आमच्या कार्यालयात आली. तिची अविवाहित मावशी दोन वर्षांपासून एका वृद्धाश्रमात आहे. तिच्या टाचेला जखम झालेली. उशाशी असलेली घंटी हाताला येणार नाही इतकी दूर. पाण्याचा पेला कपाटावर. विचारले तर ‘वय झाले की असेच व्हायचे’ एवढेच उत्तर मिळाले. “फादर, मी तक्रार केली तर रात्री तिचं काय होईल?” असे तिने विचारले. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, “परवा नाटक बघताना मला वाटलं, अप्पासाहेबांची ती मुलगी म्हणजे मीच. मग मी कोणत्या तोंडानं बोलू?”

तिच्या या शेवटच्या वाक्याने आम्हांस अस्वस्थ केले. ज्या कलाकृतीने वृद्धांविषयी कणव जागवावी, तिनेच एका वृद्धेची बाजू मांडू शकणाऱ्या एकमेव नातलगाचे तोंड बंद केले होते. हे कसे घडते, याचा विचार करण्यासाठी हा लेख.

आमची साक्ष प्रथम सांगतो, कारण दुसऱ्यांच्या लेखणीवर टीका करणाऱ्याने आपले हात आधी दाखवावेत. पूर्वीच्या एका धर्मग्रामात असताना दर पहिल्या शुक्रवारी आम्ही एका वृद्धाश्रमात ख्रिस्तप्रसाद घेऊन जात असू. तेथील एका आजोबांच्या मनगटांवर फडक्याने बांधल्याचे वळ आम्ही पाहिले. “उठतात आणि पडतात, म्हणून बांधावं लागतं,” असे परिचारिकेने सांगितले. आम्ही मान डोलावली, कार्यालयात चहा घेतला आणि फरशी किती स्वच्छ आहे याची वाखाणणी करून परतलो. तीन महिन्यांनी त्यांचा अंत्यविधी आम्हीच केला आणि प्रवचनात ‘शांतपणे प्रभूकडे गेले’ असे म्हणालो. ते शांतपणे गेले की नाही, हे आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही विचारलेच नव्हते.

आता साहित्याकडे वळू. मराठी रसिकाच्या मनातील वार्धक्याचे चित्र प्रामुख्याने दोन नाटकांनी घडवले आहे. कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ 1970 साली रंगभूमीवर आले, डॉ. श्रीराम लागूंनी अप्पासाहेब साकारले. 2016 साली चित्रपटाच्या रूपाने ते नव्या पिढीपर्यंत पोचले. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची छाया त्यावर आहे: पिता आपले सर्वस्व मुलांना वाटून टाकतो आणि मग त्यांच्याच दारी उपरा ठरतो. जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ याहून शांत आणि म्हणूनच अधिक जीवघेणे. तेथे मुले दुष्ट नाहीत. एक अमेरिकेत स्थिरावला आहे, दुसरा सैन्यात आहे. घरात उरलेले नाना आणि नानी कोणाची तरी वाट पाहतात, आणि शेवटी ती वाट पाहणेच त्यांना असह्य होते. या दोन्ही नाटकांचे ऋण मोठे आहे. वृद्धाला केवळ अन्नवस्त्र पुरत नाही, त्याला मान हवा, त्याच्याशी कोणी बोलायला हवे, हे त्यांनी लाखो प्रेक्षकांच्या मनावर ठसवले. आमच्या शेकडो प्रवचनांना ते साधले नसते.

तथापि दोन्ही नाटकांचा प्रश्न एकच आहे: मुलांनी आई-वडिलांना टाकले की नाही? तो सुटला, वा न सुटता शोकान्त झाला, की पडदा पडतो. पुढील काळात या प्रश्नाचे अनुकरण करणाऱ्या कथा, एकांकिका, दिवाळी अंकांतील कविता उदंड झाल्या. त्यांतील वृद्धाश्रम ही जागाच नव्हे. ती केवळ शिक्षा आहे. मोटार येते, पिशवी उतरते, आई दाराशी वळून पाहते, आणि कथा संपते. दाराच्या आत किती खाटा आहेत, रात्री किती जणांमागे एक आया असते, अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलली जाते की नाही, कवळी धुऊन परत तोंडात बसवते कोण, याकडे लेखक फिरकत नाही. त्याची करुणा उंबरठ्याशीच थांबते.

आमच्या मते हा दोष केवळ माहितीचा नाही, नैतिक दृष्टीचा आहे. कथेने एकच पाप शिकवले, ते म्हणजे ‘आश्रमात ठेवणे’. त्यामुळे ज्याने नाइलाजाने ठेवले तो आधीच दोषी ठरतो, आणि दोषी माणूस फिर्याद करीत नाही. तो महिन्याचे पैसे भरतो, फळांची पिशवी देतो, घड्याळ पाहतो आणि खालमानेने निघतो. निष्काळजी संस्थेला याहून सोयीचा नातलग कोणता? लज्जेने माणूस हळवा होतो, पण सावध होत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (2013) हा चित्रपट या वाटेवरचा पुढचा टप्पा आहे. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले चक्रपाणि शास्त्री संस्कृतचे व्यासंगी. स्मृतिभ्रंशाने त्यांचे जग विरत चालले आहे. एके दिवशी ते एका हत्तीमागोमाग निघून जातात आणि माहुताच्या कुटुंबाच्या आसऱ्याला लागतात. अमृता सुभाष यांनी उभी केलेली माहुताची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते. येथे मुलगी खलनायिका नाही. ती थकलेली, गोंधळलेली आणि प्रेमळ आहे. ज्याला ‘मी कोण’ हेच स्मरत नाही, त्याच्याशी नाते कसे टिकवावे, हा प्रश्न हा चित्रपट प्रामाणिकपणे विचारतो. बेनसिराच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात, पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी त्याच्याशी सौम्यपणे वाग, असा जो बोध आहे, त्याचेच हे आधुनिक भाष्य म्हणावे.

परंतु येथेही एक गोष्ट खटकते. ‘नटसम्राट’मध्ये रस्त्यावर आलेल्या अप्पासाहेबांना जवळ करतो तो बूटपॉलिश करणारा पोर, ‘अस्तु’मध्ये शास्त्रीबुवांना जेवू घालते ती माहुताची गरीब बायको. ज्यांच्यापाशी काही नाही, त्यांच्यापाशी माया आहे, असे आपले लेखक आपल्याला पुनःपुन्हा सांगतात. हे सुंदर आहे, आणि शुभवर्तमानाला धरूनही आहे. मात्र एक दिवसाची माया आणि हजार रात्रींची शुश्रूषा यांत अंतर आहे. आश्रमातील रात्रपाळीची आयाही गरीबच असते. तिला तुटपुंजा पगार, अपुरे शिक्षण आणि तिच्या एकटीच्या माथी बारा-पंधरा खाटा. तिने माय व्हावे अशी अपेक्षा करायची आणि तिच्या हाताखाली आणखी एक बाई द्यायची नाही, ही साहित्याने शिकवलेली भाबडी समजूत संस्थाचालकांच्या पथ्यावर पडते. चांगली शुश्रूषा हृदयाइतकीच व्यवस्थेतूनही येते.

कायद्याचीही दृष्टी फारशी वेगळी नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठी 2007 साली झालेल्या कायद्याचा मुख्य भर मुलांनी निर्वाहखर्च द्यावा यावर आहे. वृद्धाला पूर्णतः टाकून देण्याच्या हेतूने कोठे सोडून जाणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. हे सारे आवश्यकच आहे. पण येथेही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते ते मूल. आतल्या खोलीतील पेला कोणी कपाटावर ठेवला, हे पाहण्यास शेवटी नातलगाचेच डोळे लागतात.

आम्हां ख्रिस्ती लोकांची आणखी एक अडचण आहे. आश्रम एखाद्या धर्मसंस्थेचा वा ओळखीच्या ट्रस्टचा असला की आमची जीभ जड होते. ‘देवाचे काम करणाऱ्यांना काय बोलायचे?’ संत मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभूने नेमके यावरच बोट ठेवले आहे. आई-वडिलांना द्यावयाचे ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण केले, असे सांगून त्यांना वंचित ठेवणाऱ्यांना त्याने ढोंगी म्हटले. देवाच्या नावाची पाटी हा आई-वडिलांच्या हालांवरचा पडदा होऊ शकत नाही.

वृद्धाश्रम मुळातच पाप आहे, असे मात्र आम्ही मानीत नाही. संत जान ज्युगान हिने 1839 साली ब्रिटनी प्रांतात एका अंध वृद्धेला घरी आणले आणि तिला स्वतःचा बिछाना दिला. त्यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. आज मुंबईतही त्यांचे वृद्धसदन आहे. ज्या घरी दोघेही नोकरीला जातात, जेथे मुले आखातात वा कॅनडात आहेत, किंवा मावशीला मूलबाळच नाही, तेथे चांगला आश्रम हे वरदान आहे. प्रश्न ठेवण्याचा नसून ठेवल्यानंतरचा आहे.

आणि ‘ठेवल्यानंतर’ची कथा आपल्यापाशी आहे, दोन हजार वर्षांपासून. दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण सहसा तेल आणि द्राक्षारस यांपाशी संपवतो. वस्तुतः तो पुढे जातो. शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, एक रात्र स्वतः त्याची काळजी घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला उतारशाळेच्या रखवालदाराच्या स्वाधीन करतो. म्हणजे तोही त्याला दुसऱ्याच्या हाती सोपवतो! त्याला त्याच्या कामाला जायचे आहे, आणि प्रभू त्याबद्दल त्याला दोष देत नाही. तो दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, मोजून देतो, जास्त खर्च झाल्यास भरून देण्याचे मान्य करतो आणि आपण परत येणार असल्याचे बजावतो. रखवालदारास पैसे मिळतात, विश्वासही मिळतो. पण कोणीतरी येऊन पाहणार आहे, ही जाणीवही मिळते. सोपवणे आणि टाकून देणे यांतील फरक या परत येण्यात आहे. आपल्या नाटकांनी जे पाहिले नाही, ते या छोट्या कथेने पाहिले.

त्या भगिनीबरोबर आम्ही आश्रमात गेलो. भांडायला नव्हे. तिने एका वहीत तारीखवार लिहून ठेवले होते: जखम केव्हा दिसली, कोणाला सांगितले, काय उत्तर मिळाले. व्यवस्थापकांपुढे तिने तीनच मागण्या ठेवल्या: डॉक्टरांनी जखम तपासावी, कूस बदलल्याची नोंद खाटेपाशी असावी, पाणी आणि घंटी हाताशी असावी. आयाबाईंचे नाव तिने विचारले आणि त्यांना किती जणांचे पाहावे लागते, हेही विचारले. दाद न लागल्यास विश्वस्तांना लेखी पत्र, त्यानंतर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आणि समाजकल्याण कार्यालय, असा क्रम आम्ही ठरवला होता. तितके जावे लागले नाही. पेला खाली आला. नोंदीचा कागद खाटेला लागला. काही दिवस तो कोरा राहतो, मग ती पुन्हा विचारते. टाच हळूहळू भरते आहे. आता ती ठरलेल्या रविवारीच न जाता कधी सकाळी, कधी दिवेलागणीला जाते. सारे सुरळीत झाले, असे आम्ही म्हणणार नाही. मावशी एकटी नाही, एवढे त्या आश्रमाला कळले आहे.

आपल्या समाजात लिहिणारे हात अनेक आहेत. या अंकातही त्यांची ओळख वाचकांस होते. त्यांना आमची विनंती आहे. वृद्धाश्रमावर कथा लिहाल तर ती दाराशी संपवू नका, तेथून सुरू करा. रडवणे आपल्याला जमले आहे. आता दुसऱ्या भेटीची, विसाव्या भेटीची कथा लिहा. आयेचे नाव माहीत असलेली भाची आमच्या साहित्यात येऊ द्या. आणि वाचकहो, तुमचे कोणी आश्रमात असेल तर शरमेने खाली पाहू नका. डोळे उघडे ठेवून जा, विचारा, लिहून ठेवा आणि परत जा. तुमच्या धर्मगुरूंनाही सोबत न्या. ते कार्यालयात चहा घेत बसले तर त्यांना उठवून खाटेपाशी आणा.