उमेदवार आणि श्रोतृसंख्या

निवडणूक जवळ आली म्हणजे बोलणारांची संख्या वाढते, यात नवल कसले? नवल आहे ते ऐकणारांची संख्या वाढते याचे. एरवी ज्या गृहस्थास ग्रामसभेचा कंटाळा, अर्थसंकल्पाची बातमी लागताच जो उठून पानावर जाऊन बसतो, तोच मतदानापूर्वी महिनाभर रात्रीचे नऊ वाजले की दूरचित्रवाणीपुढे ठाण मांडतो, आणि आठ चौकटींत बसविलेल्या आठ माणसांचे एकदमच चाललेले ओरडणे मोठ्या निष्ठेने ऐकतो. हे ऐकणे विषयाचे, की माणसाचे? आणि माणसाचे असेल, तर त्याच्या नावाने जमलेला श्रोतृसमुदाय बोलण्याच्या कलेचे भले करतो, की तिला बिघडवितो? वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात हा प्रश्न कशाला, असे कोणी विचारील, तर त्यास आमचे उत्तर एवढेच की, न्यायमूर्ति रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून, आणि कीर्तनाचा विचार केला तर त्याच्याही कितीतरी पूर्वीपासून, महाराष्ट्राने वक्तृत्वाची गणना वाङ्मयातच केलेली आहे. ज्याची गणना वाङ्मयात, त्याची परीक्षाही झाली पाहिजे.

उमेदवार आणि श्रोते यांच्या व्यवहाराचे उघडेवाघडे रूप पाहावयाचे तर अमेरिकेकडे वळावे. तेथे 1949 पासून असा दंडक होता की, वादग्रस्त सार्वजनिक प्रश्न मांडताना नभोवाणी-केंद्राने विरुद्ध बाजूसही वाजवी संधी द्यावी. 1987 साली तो दंडक उठला, आणि पुढच्याच वर्षी रश लिंबॉ या गृहस्थांनी देशभर ऐकू जाणारा, रोज तीन तासांचा राजकीय गप्पांचा कार्यक्रम सुरू केला. एकाच माणसाने एकाच पक्षाच्या बाजूने रोज तीन तास बोलावे, आणि लक्षावधी लोकांनी मोटार हाकता हाकता ते ऐकावे, असा हा प्रकार 2021 साली त्यांचा अंत होईपर्यंत चालला. अशा गप्पांना उमेदवार म्हणजे पावसाळ्यातील ओढ्यास पाणी. डोनाल्ड ट्रंप 2015 साली उभे राहिले ते दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धेचे यजमान म्हणून घरोघर परिचित झालेले. त्या वर्षी 6 ऑगस्टला त्यांच्या पक्षातील इच्छुकांचा पहिला वादविवाद झाला, तो सुमारे 2 कोटी 40 लक्ष लोकांनी पाहिला. पुढे जानेवारी 2016 मध्ये त्याच वाहिनीवर रुसून ते गैरहजर राहिले, तेव्हा प्रेक्षक सव्वा कोटीच्या आसपास उरले. अर्थात मधल्या काही वादविवादांतही आकडा उतरत आलेला होता. तेव्हा सारा फरक एकट्या माणसाचा असे म्हणणे धाडसाचे होईल. वाहिन्यांच्या चालकांनी मात्र ते धाडस आनंदाने केले.

आम्हांस या आकड्यांहून अधिक महत्त्वाची वाटते ती मिलवॉकी शहरातील एक हकीकत. चार्ली साइक्स हे तेथे सुमारे 23 वर्षे ट्रंप यांच्याच पक्षाच्या विचारांचा नभोवाणी-कार्यक्रम चालवीत होते. ही उमेदवारी त्यांस पसंत नव्हती, आणि ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. एप्रिल 2016 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील पक्षांतर्गत निवडणुकीत ट्रंप हरले. नोव्हेंबरात तेच राज्य त्यांनी जिंकले. आणि वर्षअखेर साइक्स यांनी कार्यक्रम सोडला. सोडण्याचे आधीच ठरले होते असे ते म्हणत. पण वर्षानुवर्षांचे श्रोते आपल्यावर उलटले, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. उमेदवाराचा श्रोतृसंख्येवर परिणाम म्हणतात तो येथे खरा दिसतो. वक्त्याने वीस वर्षे श्रोत्यांस घडविले असे वक्त्याला वाटत होते. एका उमेदवाराने येऊन दाखविले की, श्रोत्यांनीच वक्त्याला पाळले होते.

आपल्या देशात नभोवाणीचा मार्ग अगदी उलट. खासगी एफएम केंद्रांस स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा सरकारने दिलेली नाही. आकाशवाणीचे बातमीपत्र तेवढे त्यांनी पुन्हा ऐकवावे. म्हणजे लिंबॉ यांच्या जातीचा मनुष्य आपल्याकडे जन्मला तरी त्यास चित्रपटगीतांच्या मध्ये विनोद सांगत बसावे लागेल. आकाशवाणीवर पक्षांस निवडणुकीत फुकट वेळ मिळतो, तो 1977 पासून. पण मजकूर आधी लिहून दाखवावा लागतो, आणि कोणाही व्यक्तीचे नाव घेऊन टीका करण्यास मनाई असते. मे 2024 मध्ये मार्क्सवादी पक्षाचे सीताराम येचुरी यांच्या भाषणातून काही शब्द गाळावयास सांगितले गेले, त्याची चर्चा बरीच झाली. शब्द गाळले ते योग्य की अयोग्य, हा वाद राजकारणाचा. कलेच्या दृष्टीने पाहता, ज्या भाषणात प्रतिपक्ष्याचे नाव नाही, श्रोत्याकडून हुंकार नाही, आणि वक्त्याला ऐन वेळी काही सुचण्याची सोय नाही, ते भाषण कचेरीत वाचलेल्या अर्जासारखे लागते. ‘मन की बात’ 3 ऑक्टोबर 2014 रोजी सुरू झाली. नभोवाणीस पुन्हा एक चेहरा देणारा हा आपल्याकडील एकच मोठा कार्यक्रम. आणि तोही 2019 व 2024 या दोन्ही साली फेब्रुवारीनंतर थांबला, तो जूनअखेर पुन्हा सुरू झाला. अमेरिकेत उमेदवारी जाहीर झाली की नभोवाणीचा आवाज चढतो. आपल्याकडे तो बंद होतो. यात सभ्यता आहे, हे आम्ही मान्य करतो. तिची किंमत अशी पडली की, ऐकण्याची सारी हौस दूरचित्रवाणीच्या दारी गेली.

आणि तेथे ती मोजली जाऊ लागली. हे मोजणे कसे चालते, ते पुष्कळांस ठाऊक नसते. 2020 च्या सुमारास देशातील सुमारे 44 हजार घरांत यंत्रे बसविलेली होती, आणि त्यांवरून कोट्यवधी घरांची आवड ठरे. त्या वर्षी ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी आरोप केला की, काही घरांस पैसे देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवावयास लावण्यात आले. खटला झाला, 2024 मध्ये शासनाने न्यायालयाच्या संमतीने तो मागेही घेतला. त्या खटल्याहून आम्हांस अधिक नवल वाटले ते मधल्या काळाचे. ऑक्टोबर 2020 पासून मार्च 2022 पर्यंत, सुमारे 17 महिने, वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे प्रसिद्धच होत नव्हते. त्या अवधीत बिहारची निवडणूक झाली, बंगालची झाली, उत्तर प्रदेश आणि गोव्याची झाली. तराजूच काढून घेतल्यावर माप मारणाऱ्याचा हात स्थिरावेल, अशी आमची भाबडी अपेक्षा होती. प्रत्यक्षात रात्री नऊ वाजता तेच आठजण, तोच आरडाओरडा, आणि पडद्याच्या तळाशी तीच धावणारी अक्षरे. यावरून आम्ही असे अनुमान काढतो की, आकड्यांच्या लोभाने हे बोलणे बिघडले असेल खरे, पण आता ते लोभावाचूनही तसेच चालते. ती एक शैली होऊन बसली आहे. आणि वाईट शैली कारण निघून गेल्यावरही टिकते, हा अनुभव वाङ्मयाच्या अभ्यासकास नवा नाही.

या शैलीत उणे काय ते कीर्तनाशी ताडून पाहिल्यास चटकन कळते. कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धान्त मांडतो, उत्तररंगात आख्यान लावतो. आख्यान रंगले तरी ते सिद्धान्ताचे चाकर. रात्रीच्या चर्चेत पूर्वरंगच नाही. पहिल्या मिनिटापासून आख्यान, तेही युद्धकांडच. आणि बुवांच्या जागी बसलेला सूत्रसंचालक झांजा वाजविण्याऐवजी टाळकऱ्यांनाच दटावीत असतो.

म्हणूनच 2019 च्या लोकसभा निवडणुकीतील राज ठाकरे यांच्या सभांची आठवण येथे काढणे भाग आहे. त्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार नव्हता. ते स्वतः कशालाही उभे नव्हते. तरी नांदेड, सोलापूर, इचलकरंजी, सातारा, पुणे, महाड, नाशिक असा त्यांचा फेरा झाला. वाहिन्यांनी सभा जशाच्या तशा दाखविल्या, आणि ‘लाव रे तो व्हिडिओ’ हे वाक्य शाळकरी पोरांच्या तोंडी बसले. कलेच्या दृष्टीने त्या सभांत पूर्वरंग होता. सत्ताधाऱ्यांचे आश्वासन आधी त्यांच्याच तोंडून पडद्यावर ऐकवावयाचे, मग त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा दाखवावयाचा, आणि मग टोला. मेळघाटातील हरिसाल गावच्या सरकारी जाहिरातीत झळकलेल्या तरुणालाच त्यांनी एका सभेत व्यासपीठावर उभे केले. प्रमाण प्रत्यक्ष आणून उभे करण्याची ही रीत वकिलीतील होय, आणि मराठी सभेत ती इतक्या परिणामाने पूर्वी क्वचितच वापरली गेली असेल. नक्कल, उपहास आणि पुरावा या तिहींत पुरावा पुढे राहिला, हे त्या भाषणांचे यश.

मते? सातारा आणि महाड ज्यात येते तो रायगड, या दोन मतदारसंघांत सत्ताधारी युती हरली. नांदेड, सोलापूर, इचलकरंजीचा हातकणंगले, पुणे, नाशिक, सर्वत्र ती जिंकली. राज्यात 48 पैकी 41 जागा युतीस गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात राज ठाकरे यांच्या पक्षाने विधानसभेसाठी शंभरावर उमेदवार उभे केले, तेव्हा निवडून आला एक. काही टीकाकारांनी यावरून त्यांची थट्टा केली. आम्हांस ती अन्यायाची वाटते. नाटकास गर्दी झाली म्हणून प्रेक्षकांनी नाटककारास आपली इस्टेट लिहून द्यावी, असे कोणी म्हणत नाही. दोष आहे तो ऐकण्याला मत समजणारांचा. ऐकण्याचे आणि मत देण्याचे माप एक नव्हे, ही गोष्ट राज्यकर्त्यांसही उमजत नाही. 6 फेब्रुवारी 1977 रोजी दिल्लीत विरोधी पक्षांची मोठी सभा होती, तेव्हा दूरदर्शनवर ‘बॉबी’ चित्रपट लावण्यात आला, तो लोक घरी थांबावेत म्हणून, असे तेव्हापासून बोलले जाते. लोक चालत सभेस गेले. मैल दोन मैल चालत जाऊन ऐकणे आणि गादीवर पडून ऐकणे यांत जो फरक आहे तो टिपणारे यंत्र अजून निघावयाचे आहे.

रायगडाचा उल्लेख आला आहे, तर तेथेच थोडे थांबू. मुंबई-गोवा रस्त्यावर, रोह्याकडे फाटा फुटतो तेथे कोलाड हे गाव आहे. सुनील तटकरे यांची सुतारवाडी तेथून फार दूर नाही. म्हणजे दिल्लीच्या निवडणुकीचा एक प्रमुख उमेदवार कोलाडकरांचा शेजारीच. ज्या उमेदवारास लग्नकार्यात, उत्सवात, नाक्यावर गाठून दोन शब्द बोलता येतात, त्याच्यासाठी कोणी यंत्राचा कान पिळीत नाही. यंत्र लावावयाचे ते दूरच्यासाठी. आमचे मत असे झाले आहे की, श्रोतृसंख्या ही बव्हंशी अंतराची संख्या असते. जो जवळ आहे त्याची परीक्षा लोक डोळ्यांनी करतात. डोळ्यांचीही फसगत होते, ही गोष्ट वेगळी. 2014 साली तटकरे हे अनंत गीते यांच्याकडून अवघ्या 2,110 मतांनी हरले, आणि त्याच यादीतील दुसऱ्या एका सुनील तटकऱ्यांस 9 हजारांवर मते पडली. महिनाभर वाहिन्यांवर जे काही बोलले गेले त्या साऱ्याहून एका नामसादृश्याचे वजन भारी ठरले! 2015 पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र छापण्याचा नियम निवडणूक आयोगाने केला, तो अशाच घोटाळ्यांसाठी.

कोलाडकरांस खरोखर ऐकावयाचे होते ते त्यांच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याविषयी. पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या रुंदीकरणास 2011 साली प्रारंभ झाला. 2014, 2019 आणि 2024 अशा तीन लोकसभा निवडणुका त्या कामाने पाहिल्या आणि तिन्ही वेळा ते अपुरेच होते. ठेके कोणाचे रद्द झाले, जमिनीचा मोबदला कोठे अडला, कोणी कोणते आश्वासन कधी दिले, यात एका उत्तम चर्चेचे सर्व साहित्य आहे. पण रस्त्याला चेहरा नसतो. गणपतीच्या आधी आठ दिवस, चाकरमानी गावी निघाले म्हणजे, वार्ताहर खड्ड्यात उभे राहून बोलतात. गौरी-गणपती विसर्जन झाले की तो विषयही पाण्यात. उमेदवार श्रोते वाढवितो असे म्हणतात, त्याची ही दुसरी बाजू: माणसाभोवती जमलेला घोळका विषयाकडे पाठ करून उभा राहतो.

7 मे 2024 रोजी बारामतीत आणि रायगडात एकाच दिवशी मतदान झाले. बारामतीत नणंद-भावजयीचा सामना होता. महाराष्ट्रातील बहुतेक छायाचित्रक तेथे, आणि महिनाभर रात्रीच्या चर्चांत त्या एका घराचीच भाषा. रायगडात पुन्हा तेच गीते, तेच तटकरे. पाहावयास नवे काही नाही असे ठरून वाहिन्या पुढे निघून गेल्या. 4 जूनला मोजणी झाली तेव्हा अजित पवारांच्या पक्षाने राज्यात लढविलेल्या चार जागांपैकी एकच पदरात पडली होती. ती रायगडची, 82,784 मतांनी.