सहा एकरांचे चित्र आणि सहा फुटांची भिंत

फेब्रुवारी 2019 मध्ये निलंग्याजवळच्या सहा एकर रानात छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमा उगवून आली. मंगेश निपाणीकर यांनी जमिनीवर आखणी केली, बी पेरले, पाणी दिले आणि गवताच्या हिरव्या रंगातून महाराजांचा चेहरा उभा केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शेजारच्या जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातील निपाणीत शरद पवारांची प्रतिमा अशीच शेतात उमटली. 2022 च्या आंबेडकर जयंतीच्या तोंडावर लातुरात बाबासाहेबांची 70 फुटी प्रतिकृती उभी राहिली. तिन्ही वेळा गर्दी लोटली, बातम्या झाल्या. विचारले गेले ते एकच : केवढे मोठे?

निपाणीकरांच्या कौशल्याबद्दल शंका नाही. जे चित्र जमिनीवरून धड दिसतच नाही, त्याचे प्रमाण सांभाळणे आणि तेही उगवणाऱ्या बियाण्याच्या भरवशावर, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. भव्यतेचा सोसही इथे नवा नाही. कंधारला क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे भग्न अवयव आजही पाहायला मिळतात. पण त्याच मुलखात मुखेडच्या आणि होट्टलच्या मंदिरांवरच्या सुरसुंदरी आहेत, निलंग्याचे नीलकंठेश्वर आहे, औशाजवळची खरोशाची लेणी आहेत. तिथे हातभर दगडात मान किती कलावी, कंबर कुठे वळवावी याचा विचार झाला आहे. जवळ जाऊन, थांबून पाहायची ती कला. नांदेड-लातूरच्या आजच्या चित्रकलेत नेमके हे जवळून पाहणेच हरवले आहे, असे माझे मत आहे. त्याचा दोष एकट्या चित्रकारांवर टाकता येणार नाही.

थोडे मागे जावे लागेल. 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात. शिक्षण, कचेरी, बाजार, सगळ्यांचे तोंड हैदराबादकडे. 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि कलाशिक्षणाचे तोंड मुंबईच्या जे. जे. कलाशाळेकडे वळले. नांदेडहून मुंबई हैदराबादच्या दुपटीहून लांब. मराठवाड्याला स्वतःचे शासकीय कला महाविद्यालय औरंगाबादेत मिळाले ते 1971 मध्ये, जे. जे. ची स्थापना 1857 ची. मधल्या पोकळीत नांदेडमध्ये त्र्यंबक वसेकरांसारख्या माणसाने अभिनव चित्रशाळा उभी केली, म्हणून खेड्यातल्या पोरांच्या हाती ब्रश आला. पुढे ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका करून शाळेत चिकटणे हाच इथल्या चित्रकाराचा राजमार्ग ठरला. या दोन जिल्ह्यांत चित्रकार म्हणजे बहुधा चित्रकलेचे सर. दिवसभर फळ्यावर वस्तुचित्र, संध्याकाळी गॅदरिंगचा पडदा, रात्री जमले तर स्वतःचे काम.

आता ती नोकरीही आटली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने उच्च प्राथमिक शाळेत कलेसाठी धरला तो अंशकालीन निदेशक, तोही पट शंभराच्या वर असेल तर. उरल्या चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षा. तिथे झुंबड असते, कारण इंटरमीजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीला 7 गुण वाढतात, ब ला 5, क ला 3. परीक्षेच्या तयारीसाठी गाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’च्या गावात या गुणांचे मोल कुणाला सांगायला नको. ते पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते आणि पोरगा नीटच्या क्लासला. विद्यापीठात जावे, तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. पण त्याची ओळख आहे ती नाटक-संगीताची.

मग चित्र जगले कुठे? पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर. निर्मल, संगत, मुक्तरंग अशी प्रकाशने या दोन शहरांतली, आणि नांदेडच्या नयन बाराहाते यांच्यासारख्या चित्रकाराची कुंचल्यावरची पकड हजारो वाचकांनी ओळखली ती मुखपृष्ठांमधून. दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर हीही एक शाळाच होती. अक्षराचे वळण तिथे घोटले जाई. फ्लेक्सने ती काही वर्षांतच मोडून टाकली. किनवट, मुखेडच्या तांड्यांवर बंजारा बायांचे भरतकाम आहे, आरसे आणि कवड्यांचे. रंगांची इतकी निर्भय जोड आमच्या कॅनव्हासवर क्वचित दिसते. पण तांड्यावरची बाई चित्रकारांच्या चित्रात येते ती घागऱ्यासकट, मॉडेल म्हणून.

माझी खरी तक्रार इथे आहे. प्रदर्शनांत फिरताना तेच ते भेटते : सर्जाराजा, वासुदेव, वारकरी, अजिंठ्याच्या डोळ्यांची बाई, नाहीतर कुठल्याही शहरात खपेल असे अमूर्त. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप, एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातुरात आलेली पाण्याची रेल्वे, सोयाबीनचा भाव, वसतिगृहाच्या खोलीत झुरणारी सतरा वर्षांची मुले, यांतले काय रंगात उतरले? कवितेने हे अंगावर घेतले. नांदेडच्या श्रीकांत देशमुखांच्या ‘बोलावे ते आम्ही’ या कवितासंग्रहाला 2017 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो शेती-मातीच्या कवितेला होता. चित्रकार मात्र मुंबईच्या जहांगीर कलादालनातल्या गिऱ्हाइकाला आवडेल असे गाव रंगवतो आणि देवगिरी एक्स्प्रेसला गुंडाळी घेऊन बसतो. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. विकत घेणारा तिकडेच आहे.

इकडे प्रदर्शन भरते ते बहुतेकदा नाट्यगृहाच्या व्हरांड्यात किंवा शाळेच्या सभागृहात. डोक्यावर ट्यूबलाइट, समोर खुर्च्या. उद्घाटनाला पुढारी येतो, हारतुरे होतात, दुसऱ्या दिवशी पेपरात पुढाऱ्याचा फोटो, चित्र त्याच्या पाठीमागे अर्धे झाकलेले. ज्या नांदेडात नरहर कुरुंदकरांनी भरताच्या नाट्यशास्त्राची चिकित्सा केली, तिथे चित्रावर दोनशे शब्द लिहिणारा शोधावा लागतो. चित्रकारही आपापल्या गटात एकमेकांना ‘अप्रतिम’ म्हणतात आणि घरी जातात. ज्याला कुणी ‘हे फसले आहे’ असे सांगत नाही, तो सुधारणार कसा?

दोन्ही महापालिकांनी पुतळ्यांच्या आणि कमानींच्या खर्चातून एकेक दालन काढावे : कोऱ्या भिंती, नीट प्रकाश, वर्षभर उघडे, भाडे शिक्षकाला परवडेल असे. स्थानिक दैनिकांनी आठवड्याला एक रकाना चित्रासाठी द्यावा आणि तो उद्घाटनाच्या बातमीने भरू नये. आणि वाचकहो, घर बांधताना देवघराला जागा काढता, टीव्हीला काढता, तशी सहा फुटांची भिंत एका चित्रासाठी सोडा. ते चित्र गावातल्या चित्रकाराकडून विकत घ्या. ओळखीचा आहे म्हणून फुकट मागू नका.