घोटभर चाखू द्या

2009 मध्ये पुण्यात डुलाली सुरू झाली, देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. आता शहरात काचेआड चमकणाऱ्या स्टीलच्या टाक्यांचं कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. मग फरक पडतो तो वाढण्यात.

गेल्या शनिवारी अशाच एका ठिकाणी वाढणाऱ्या मुलाला विचारलं, "हेफेवायझन कशी आहे?"

"छान आहे सर, खूप जाते."

"तू चाखलीयेस?"

तो ओशाळून हसला. "आम्हाला अलाऊड नाही सर."

गव्हाच्या या जर्मन बिअरला यीस्टमुळे पिकलेल्या केळ्याचा, लवंगेचा वास येतो. ती गढूळच असते. पण हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. शेजारच्या काकांनी 'गढूळ आहे' म्हणून ग्लास परत केला, तेव्हा तो "सॉरी सर" म्हणत मुकाट घेऊन गेला. चांगली बिअर बेसिनात गेली.

माझ्या ग्लासला आतून बुडबुडे चिकटले होते, म्हणजे तो नीट धुतलेला नव्हता. सांगताच त्याने बदलून आणला. सौजन्यात तो कुठेच कमी पडला नाही. कमी पडले ते त्याला न शिकवणारे मालक.

बिलात सर्व्हिस चार्ज न विचारताच लावला होता. 2022 च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांनुसार तो असा लावता येत नाही. मी तो काढायला लावला आणि टिप मुलाच्या हातात दिली.

आदरातिथ्य म्हणजे नुसतं 'सर, सर' नव्हे. वाढणाऱ्याला आधी घोटभर चाखू द्या. पित नसेल, तर निदान वास घेऊ द्या.