स्क्रीनशॉट काढून वाचणारी आई

आईच्या फोनची मेमरी भरली होती, म्हणून मी तिची गॅलरी साफ करायला बसलो. ‘शुभ सकाळ’वाली फुलं असतील असं वाटलं होतं. ती होतीच, पण त्यांच्यामध्ये तीनेकशे स्क्रीनशॉट निघाले आणि बहुतेकांत नुसता मजकूर. एका कथेचे नऊ तुकडे, कुठल्याशा लेखाचे चौदा. विचारलं तर म्हणाली, “अरे, त्या साइटवर अक्षर मोठंच होत नाही. मग फोटो काढते आणि तो मोठा करून वाचते. नंतर पुसायचं राहून जातं.”

अक्षर मोठं का होत नाही ते मला लगेच कळलं, कारण तो उद्योग मी स्वतः केलेला आहे. त्या साइटसाठी नाही, पण पहिल्या नोकरीत एका बातम्यांच्या पोर्टलसाठी. बहुतेक वेबपेजच्या कोडमध्ये सुरुवातीला ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ असते. पान फोनच्या रुंदीत कसं बसवायचं, हे ती ब्राउझरला सांगते. त्यात ‘युजर-स्केलेबल’ला ‘नो’ म्हटलं की दोन बोटांनी पान मोठं करणं बंद. आमच्या डिझायनरची तक्रार होती की झूम केल्यावर वरचा मेनू हलतो. मी ती ओळ टाकली, मेनू हलायचा थांबला, तिकीट बंद झालं. ज्यांचं वाचन थांबलं त्यांच्या नावाचं तिकीट कुणी उघडलं नाही.

२०१६ साली आयओएस १० आली, तेव्हा अ‍ॅपलने सफारीला ही ओळ सरळ दुर्लक्षित करायला लावली. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्येही, सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली, झूम सक्तीने चालू करायचा पर्याय आहे. आईच्या फोनवर तो मी त्याच दिवशी चालू केला. पण ज्याला अक्षर दिसत नाही, त्याने सेटिंगच्या तिसऱ्या पडद्यावरचं बारीक अक्षर वाचून हा पर्याय शोधायचा, हे काही खरं नाही.

हे सगळं जास्त लागलं, कारण आईकडे ई-रीडर आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मीच हौसेने दिला होता. दोन पुस्तकं वाचून तिने तो कपाटात ठेवला आणि परत फोनकडे वळली. मला वाटायचं, व्हॉट्सअ‍ॅपची सवय. गॅलरी बघितल्यावर मी तो बाहेर काढला आणि आठवडाभर त्याच्यावर फक्त मराठी वाचलं.

आधी चांगलं सांगतो. ई-इंकचा पडदा ही सुंदर गोष्ट आहे. त्यात अतिसूक्ष्म गोळ्या असतात, त्यांच्यात काळे आणि पांढरे कण. विजेने ढकलले की हवे ते कण वर येतात आणि मग वीज नसली तरी तिथेच राहतात. पान बदलतानाच काय ती बॅटरी लागते. डोळ्यांवर प्रकाश फेकला जात नाही, भर उन्हातही कागदासारखं दिसतं. आणि आईच्या शब्दांत, “यात वाचताना मध्येच कुणाच्या लग्नाची पत्रिका येत नाही.”

मग तिने तो ठेवून का दिला? तिला लागतं तेवढं अक्षर मोठं केलं, की सहा इंची पडद्यावर एका ओळीत तीन शब्द मावतात. त्यात ओळीची दोन्ही टोकं सारखी करायची पद्धत. म्हणजे ‘स्वातंत्र्योत्तर’ एका कडेला, ‘काळातल्या’ दुसऱ्या कडेला आणि मध्ये एसटी वळेल एवढी जागा. मराठीला शब्दाला शब्द आणि प्रत्यय चिकटवायची सवय आहे, ‘विद्यार्थ्यांनासुद्धा’ हा आपल्याकडे एकच शब्द. असे शब्द ओळीच्या शेवटी योग्य जागी तोडता आले पाहिजेत. छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस हे डोळ्यांनी बघून करायचा. माझ्या हातातल्या यंत्राला ते येत नव्हतं. फाँटची यादी लांबलचक होती, पण ती बहुतेक रोमन अक्षरांसाठी. मराठी पुस्तकात फाँट बदलला तरी पान ढिम्म. शोधाचंही तेच. ‘पाऊस’ शोधा, ‘पावसात’ सापडत नाही. शब्दाचं सामान्यरूप होतं, हे त्या शोधाच्या गावीही नाही.

किंडल २००७ साली आलं आणि मराठी पुस्तकं त्यावर अधिकृतपणे यायला २०१६ उजाडलं. नऊ वर्षं उशीर झाला, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की आपल्याला प्रवेश मिळाला, पण खुर्चीची उंची दुसऱ्याच्या मापाची राहिली.

याउलट फोनमधला ब्राउझर. ई-रीडरच्या मानाने हे अगदी बाजारू ठिकाण, जाहिराती आणि कुकीच्या परवानग्यांनी गजबजलेलं. पण मराठी अक्षराची समज त्याला बरीच जास्त आहे. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीकडे हार्फबझ नावाचं मुक्तस्रोत इंजिन जोडाक्षरं जुळवतं. आपला ‘ल’ पाकळ्यांचा, ‘श’ देठाचा. हिंदीची वळणं वेगळी. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांना क्रमांक एकच. फाँटमध्ये दोन्ही वळणं असतील, तर पानाची भाषा बघून ब्राउझर मराठी वळण निवडू शकतो. आपोआप शब्द तोडायचे, तरी त्याला आधी भाषा कळावी लागते. ती सांगायला कोडमध्ये भाषेच्या खुणेपुढे ‘एमआर’ ही दोन अक्षरं पुरतात. मराठी साइट उघडून कोड बघायची मला खोड आहे, आणि तिथे ‘ईएन’ दिसलं की वाईट वाटतं. आतला मजकूर अस्सल मराठी आणि दारावरची पाटी इंग्रजी.

ब्राउझरचंही सगळं कौतुक नको. जाहिराती काढून नुसता लेख दाखवणारा रीडर मोड तुम्ही वापरत असाल. फायरफॉक्सचा रीडर मोड ज्या कोडवर चालतो, तो सगळ्यांना वाचायला खुला आहे. पानावरचा खरा मजकूर कुठला, हे तो गुण देऊन ठरवतो. परिच्छेद लांब असेल तर गुण, स्वल्पविराम असतील तर गुण. पंचविसापेक्षा कमी अक्षरांचा परिच्छेद तो गुणांसाठी विचारातच घेत नाही. बातमीसाठी हे ठीक आहे. पण एखाद्या संपादकाने कवितेची प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद म्हणून टाकली असेल, तर? ओळी आखूड, स्वल्पविराम नाहीत. या हिशेबात कविता म्हणजे पानावरचा कचरा. कुणी दुष्टपणे केलेलं नाही हे. मोजपट्टी बनवणाऱ्यासमोर फक्त लेख होते, एवढंच.

आईचे स्क्रीनशॉट बघताना मला माझी नववी-दहावी आठवली. बाबांच्या बटणांच्या फोनवर मराठी पान उघडलं की चौकोन दिसायचे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा होती, पण त्या फोनला अक्षरं जुळवता येत नव्हती. मग मित्राने ऑपेरा मिनीतली युक्ती सांगितली. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ लिहायचं आणि क्लिष्ट लिप्यांसाठी बिटमॅप फाँट वापरायचा पर्याय ‘येस’ करायचा. मग ऑपेराचा सर्व्हर आपल्याकडे अक्षरं जुळवून त्यांची चित्रं पाठवायचा. थोडी धुरकट, डेटा खाणारी, पण मराठी! त्या वयात मी जे काही मराठी साहित्य वाचलं, त्यातलं बरंचसं अशी चित्रं बघत.

तेव्हा चित्राशिवाय इलाज नव्हता. आज फोनला सगळं येतं, तरी माझी आई चित्रच वाचते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी स्कॅन केलेली पुस्तकांची पीडीएफ हीसुद्धा चित्रंच. मजकूर डिजिटल झाला म्हणजे वाचकाने तो हवा तसा वळवून घ्यावा, मोठा करावा, ओळी मोकळ्या कराव्यात. तेवढंच आपण, म्हणजे माझ्यासारखे लोक, कुलूप लावून ठेवतो. वाचक मात्र वाचायचं सोडत नाही, तो खिडकीतून शिरतो. मराठी वाचक कमी झाला, अशा चर्चा आपल्याकडे बारमाही चालतात. त्या चर्चेत हे तीनशे स्क्रीनशॉट कुणी मोजलेले नसतात.

म्हणून जे साइट चालवतात, त्यांना विनंती. झूम अडवणारी ओळ काढा. भाषेच्या जागी मराठी लिहा. फोनवर ओळींची उजवी कड सरळ करायचा हट्ट सोडा. कवितेची एक ओळ म्हणजे एक परिच्छेद नव्हे. अर्ध्या दिवसाचं काम आहे. जुन्या ऑफिसातल्या मित्राला मीही कळवलं. त्याने बघून सांगितलं, माझी ओळ अजून तिथेच आहे. पुढच्या रिलीजमध्ये काढतो म्हणालाय.

गॅलरी अजून साफ झालेली नाही. एक कथा मी वाचावी असं आईला फार वाटतं, म्हणून तिने ते तुकडे ठेवायला लावले. मी वाचली. खरंच चांगली आहे. कुणाची, ते मात्र सांगता येत नाही. लेखकाचं नाव पहिल्या तुकड्यात होतं, आणि तो तेवढा तिने पुसला होता.